पाऊस, पत्ते आणि गोव्यातली जादूगार मंडळी

जुलैत गोव्याला कोण जातं, असं घरी विचारून झालं, ऑफिसात विचारून झालं. पण आमच्यासारख्यांना हाच सीझन बरा. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, किनाऱ्यावरचे शॅक बंद असतात, हॉटेलांमध्ये शो नसतात, म्हणजे जादू करणाऱ्या माणसाकडे काम नसतं आणि वेळ भरपूर असतो. मग म्हापशाचा मित्र म्हणाला या सगळे माझ्याकडे, घर मोठं आहे, पाऊस बघू आणि एकमेकांचं काम बघू. एवढंच ठरलं होतं, कुठलं संमेलन नाही, स्पर्धा नाही.

मंडळी सांगून टाकतो म्हणजे पुढे गोंधळ नको. यजमान बँकेत आहे आणि मेंटॅलिझम करतो, म्हणजे मनातलं ओळखणं वगैरे. कोल्हापूरकर फक्त पत्ते करतो, झोपेतसुद्धा करत असावा. सावंतवाडीच्या ताई गेली कित्येक वर्षं शाळांमधून आणि वाढदिवसांना शो करतात, मुलांसमोर उभं राहण्यात आमच्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. फोंड्याचे मास्तर निवृत्त शिक्षक, सत्तरीच्या पुढचे, यांच्यासाठी तर मी कुठेही जाईन. आणि मी ठाण्याहून, नाणी आणि थोडं इकडचं तिकडचं.

शुक्रवार

कोकणकन्याने सकाळी थिवीला उतरलो. (पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात, तेव्हा नेहमीची वेळ धरून पुढची बस वगैरे बुक करू नका.) शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, त्यामुळे बॅग घरी टाकून आम्ही सरळ तिकडेच गेलो. मला मऊ सुती दोरी हवी होती, दोरीच्या खेळाला नायलॉन अजिबात चालत नाही, कापली की टोकं लगेच विस्कटतात. ताईंना हवे होते रंगीत रुमाल. मोयऱ्याची जाडजूड केळी, हरमलची मिरची, माळेत ओवलेले चोरीस (गोव्याचे सॉसेज), आणि मासेमारी बंद असल्याने सुक्या बाजाराचा वास आख्ख्या गल्लीभर. ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, तोवर अर्धा गोवा सुक्या सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, आणि नदीच्या माशांवर चालतो.

तिथे सुकी मासळी विकणाऱ्या एक मावशी होत्या. ताईंनी सुंगटं घेतली, पैसे दिले, मावशींनी दहाचं नाणं परत दिलं आणि ताईंनी ते तिथल्या तिथे, मावशींच्या नाकासमोर, हातातून घालवलं. काही बोलल्या नाहीत, नुसता हात उघडला आणि स्वतःच चकित झाल्यासारख्या मावशींकडे बघायला लागल्या. मावशी दोन सेकंद गप्प. मग म्हणाल्या, "म्हजे धा रुपया खंय घाले गो तुवें?" खरं तर ते पैसे आता ताईंचे होते, पण मावशींना ते आपलेच वाटत होते, आणि मला हेच फार आवडलं. नाणं सुंगटांच्या ढिगाखाली सापडल्यावर त्या इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या चार बायका गोळा झाल्या आणि मग आम्हाला तिथून अर्धा तास हलता आलं नाही. निघताना मूठभर सुंगटं वर घातली, पैसे घेतले नाहीत, "देव बरें करूं" म्हणून पाठवलं.

नाण्यांचं काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच लिहितो. बरेच जण अमेरिकन हाफ डॉलरवर सराव करतात कारण पुस्तकं आणि व्हिडिओ सगळे त्यावरच आहेत. तो ३०.६ मिलिमीटरचा असतो, आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं. फरक छोटा वाटतो पण तळहातात तो लगेच कळतो, पकड बदलते. तरी मी म्हणेन दहाच्यावरच सराव करा. परदेशी नाणं काढलं की समोरच्याला आधी नाण्याचाच संशय येतो. बाजारातल्या मावशींनी स्वतः गल्ल्यातून काढलेलं नाणं असेल तर संशय घ्यायला जागाच उरत नाही.

दुपारी पाऊस जो सुरू झाला तो रात्रीपर्यंत. यजमानाच्या घराला जुन्या पद्धतीचं बल्कांव, म्हणजे दारापुढची ओसरी आहे, दोन्ही बाजूंना बसायला दगडी बाक, तिथेच बैठक जमली. चहा, पोई (गोव्याचा पाव), तिखट पातळ भाजी. मास्तर फोंड्याहून बसने आले, भिजलेले, आणि आल्याआल्या नियम सांगितला. जो करेल त्याला कोणी "कसं केलंस" विचारायचं नाही. फक्त सांगायचं की तुझी नजर कुठे होती आणि तुला कधी काय वाटलं. बस.

ऐकायला सोपं आहे पण जादूगारांच्या बैठकीत हे फार अवघड जातं, कारण सगळे पद्धत पकडायला बसलेले असतात. एकाने खेळ केला की दुसरा लगेच म्हणतो मी हे वेगळ्या पद्धतीने करतो, आणि पत्ते काढतो. मग तिसरा. शेवटी सगळे करतात आणि बघत कोणीच नाही. मी अशा बैठकांमधून कोरडा परत आलेलो आहे. इथे उलट झालं. कोल्हापूरकराने त्याचा चार एक्क्यांचा खेळ केला आणि मास्तर एवढंच म्हणाले, "तिसऱ्या एक्क्याला तू श्वास रोखलास, म्हणून मी तुझ्या हाताकडे बघितलं." श्वास! हाताचं काम निर्दोष होतं, तिथे काही दिसत नव्हतं, पण श्वास थांबला की समोरच्याला कळतं इथे काहीतरी आहे. कोल्हापूरकराने वही काढून लिहून घेतलं.

पत्ते मात्र संध्याकाळपर्यंत फुगले. कागदाचे पत्ते दमट हवेत पाणी ओढतात, वाकतात, एकमेकांना चिकटतात, पंखा नीट उघडत नाही. पावसाळ्यात गोवा किंवा कोकणात पत्ते घेऊन जाणार असाल तर: गड्डी झिपलॉकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी (बुटांच्या खोक्यात मिळते ती फेकून देऊ नका), आणि लागेल तेव्हाच बाहेर काढा. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते पाण्याला घाबरत नाहीत पण त्यांची घसरण वेगळी असते, त्यावर वेगळा सराव लागतो. एक गड्डी सरावाला आणि एक कोरी शोसाठी, हा हिशोब ठेवा.

शनिवार

सकाळी पणजी. आधी नाश्ता, मिक्स भाजी आणि पाव, वर एक बन. मग मास्तर आम्हाला मांडवीच्या काठी जुन्या सचिवालयाशेजारी घेऊन गेले, आबे फारियाच्या पुतळ्यापाशी. हा पुतळा तुम्ही फोटोत बघितला असेल, झगा घातलेला एक माणूस दोन्ही हात पसरून वाकलाय आणि समोर एक बाई मागे कलंडतेय. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये केलेला. पर्यटक याला जादूगारच समजतात, आमच्या शेजारी एक कुटुंब तसंच म्हणत होतं.

फारिया १७५६ मध्ये कांदोळीला जन्मला, पोरसवदा असताना वडिलांबरोबर पोर्तुगालला गेला, पाद्री झाला, पुढे पॅरिसला संमोहनाचे प्रयोग करायला लागला आणि १८१९ मध्ये तिथेच वारला. त्याच्याआधी मेस्मर नावाच्या डॉक्टरचे अनुयायी म्हणायचे की प्रयोग करणाऱ्याच्या शरीरातून काहीतरी चुंबकीय द्रव वाहतो आणि समोरच्याला झोप येते. फारिया म्हणाला असं काही वाहत नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनात होतं. मास्तर पावसात छत्री धरून हे सांगत होते आणि यजमान, जो रोज मनातलं ओळखण्याचे खेळ करतो, तो पुतळ्याकडे बघत एकदम शांत उभा होता.

दुसरी गोष्ट गोव्यात लहान पोरांनाही माहीत असते. तरुण फारिया लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि एवढे मोठे लोक बघून त्याला शब्दच फुटेना. खालून वडील हळूच कोंकणीत म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." म्हणजे समोर बसलीय ती सगळी भाजी आहे, काप. आणि तो धडाधड बोलायला लागला. आख्यायिका म्हणा हवं तर, पण स्टेजवर तोंड कोरडं पडलेल्या कुठल्याही माणसाला ती खरी वाटेल. ताई म्हणाल्या मला विंगेत असा एक माणूस नेहमी हवा असतो, त्याने काही करायला नको, फक्त आपल्या भाषेत एक वाक्य बोलायचं.

पुढे रायबंदरहून चोडणची फेरी घेतली. (पाऊस असला तरी वर उभं राहायला मिळतं, जा नक्की.) चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खाजणातली तिवरं पावसात अशी हिरवी दिसतात की बस. पण मला सांगायचंय ते फेरीवरचं.

एक कॉलेजचा मुलगा आमचं पत्त्यांशी चाललेलं बघत होता. कोल्हापूरकराने त्याला खेळ दाखवला, मुलाने एक पत्ता मनात धरला, गड्डी पिसली गेली, शेवटी पत्ता मुलाच्याच हाताखाली. छान झाला. पलीकडे उतरल्यावर चहाच्या गाड्यावर ताईंनी सहज त्या मुलाला विचारलं, काय झालं रे तिथे, मी नव्हते बघत. आणि मुलगा म्हणाला, "अहो त्याने पत्त्यांना हातच लावला नाही! मीच पिसले, मीच कापले, सगळं मीच केलं."

आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं, गड्डी निम्मा वेळ कोल्हापूरकराच्या हातात होती. मुलगा खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच आठवत होतं. सकाळी फारियाचं ऐकलेलं होतंच, मास्तरांनी नुसत्या भुवया उचलल्या.

यातलं पुन्हा पुन्हा वापरण्यासारखं तंत्र ताईंचं. स्वतःच्या प्रेक्षकाला "कसं वाटलं" विचारलं की तो चांगलंच म्हणतो, आपल्या तोंडावर वाईट कोण बोलणार. मित्राने विचारायचं, आणि मत विचारायचं नाही, काय घडलं ते सांग म्हणायचं. तो जे विसरला ते तुमचं यश, आणि त्याने जे बारकाईने सांगितलं तिथे काम बाकी आहे. त्या मुलाला एक गोष्ट मात्र अगदी नीट आठवत होती, "मध्ये त्याने गड्डी खाली ठेवून पुन्हा उचलली." कोल्हापूरकर परतीच्या फेरीत तेवढ्यावरच विचार करत होता.

त्यावरून मास्तरांनी पत्त्यांचा नामी जादूगार डाय व्हर्नन याची गोष्ट काढली. हुदिनी छातीठोकपणे म्हणायचा की कुठलीही पत्त्यांची जादू मला तीनदा दाखवा, मी ओळखतो. १९२२ मध्ये शिकागोत व्हर्ननने त्याच्याकडून पत्त्यावर सही घेतली, पत्ता वरून दुसरा ठेवला, आणि तो सगळ्यात वर आला. पुन्हा केलं, पुन्हा आला. हुदिनी तीनच्या पुढे बघत राहिला आणि त्याला कळलं नाही. ही गोष्ट सगळे जादूगार सांगतात, "हुदिनीला फसवलं" म्हणून. मास्तरांना त्यातलं वेगळंच आवडतं, की व्हर्नन पुढे म्हातारपणी हॉलिवूडच्या मॅजिक कॅसल या जादूगारांच्या क्लबमध्ये वर्षानुवर्षं बसायचा आणि जो तरुण पोरगा पत्ते घेऊन येईल त्याचं बघायचा. ९८ वर्षं जगला. मला वाटतं मास्तरांना स्वतःलाही तसंच म्हातारपण हवंय, आणि ते त्यांनी मिळवलंय.

रात्री फोंड्याला त्यांच्याच घरी मुक्काम. काकींनी अळसांद्याचं तोणाक, सुक्या सुंगटांची किसमूर (मावशींचीच सुंगटं), उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी असं वाढलं, आणि रस्त्यावर अळंबी मिळाली होती ती वेगळी परतून. पावसाळ्यात फोंड्याच्या बाजूला अळंबी दिसली तर घ्या, महाग असते, तरी घ्या.

जेवणानंतर मास्तरांनी एक ट्रंक उघडली. त्यांचा मित्र होता, दोघांनी तरुणपणी गावोगाव शो केले, जत्रांमध्ये, शाळांमध्ये, दोघांनीही लहानपणी पुण्याच्या जादूगार रघुवीरांचा प्रयोग बघितलेला आणि तिथून वेड लागलेलं. मित्र वारला तेव्हा घरच्यांनी ही ट्रंक मास्तरांकडे आणून दिली. आत लाकडी वाट्या होत्या, वर बोंडं असलेल्या, आपले रस्त्यावरचे जादूगार वापरायचे तशा, आणि कापडाचे गोळे. परदेशातले कप धातूचे, एकात एक बसणारे. आपली वाटी बोंडाला बोटांत धरून उचलतात, त्यामुळे हाताची सगळी हालचालच निराळी होते, जमिनीवर मांडी घालून करायची. मास्तरांनी रात्री करून दाखवलं, सत्तरी उलटलेला माणूस फरशीवर बसलाय आणि तीन वाट्यांखालून काय काय काढतोय. मग त्या वाट्या त्यांनी ताईंच्या हातात ठेवल्या. तू मुलांसमोर बसतेस, तुझ्याकडे चालतील, म्हणाले. ताई काही बोलू शकल्या नाहीत.

रविवार

संध्याकाळी मास्तरांच्या ओळखीने जवळच्या गावातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये शो ठेवला होता, फुकट, गावातल्यांसाठी. दिवसभर तयारी. हॉल बघायला आधी जा, हे मी कितीही वेळा सांगेन, खुर्च्या कशा मांडल्यात, बाजूला कोणी बसणार का, मागे खिडकी किंवा आरसा आहे का. इथे डावीकडे काचेचं पुस्तकांचं कपाट होतं, त्यात सगळं उलटं दिसत होतं. सतरंजी टांगून झाकलं.

हॉल भरला, मुलं पुढे जमिनीवर. ताईंनी सुरुवात केली, यजमानाने एका आजीच्या मनातलं शाळेतल्या मैत्रिणीचं नाव ओळखलं आणि आजी रडल्या, म्हणजे खूशीने. मी दोरी केली. मग मास्तर चायनीज रिंग्ज, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या-सुटणाऱ्या धातूच्या कड्या घेऊन उभे राहिले आणि दोन रिंगा अडकवल्या तेवढ्यात लाइट गेली.

मुलं ओरडली. पाऊस पत्र्यावर धो धो. कोणीतरी मोबाइलचा टॉर्च लावला, मग दहा जणांनी लावले, आणि आम्ही चौघे न ठरवता एकदम उठलो. कारण उजेड कुठून पडतोय यावर सगळं असतं, रिंगा चकाकतात, बाजूने टॉर्च मारला की जे दिसू नये ते दिसतं. यजमानाने लोकांना प्रेमाने टॉर्च बंद करायला सांगितले. ताई डावीकडे, कोल्हापूरकर उजवीकडे, मी समोर खाली बसून, आणि आमचे टॉर्च मास्तरांच्या चेहऱ्यावर. ते हात वर नेतील तसे आम्ही उजेड नेत होतो, आणि जिथे नको तिथून आधीच काढून घेत होतो. मला त्यांचं रुटीन त्यांच्या तोंडून कधी शिकायला मिळालं नव्हतं, पण दोन दिवस बघत होतो ना, पुढे काय येणार हे अंगात आलं होतं.

आणि मास्तरांनी खेळच बदलला. बोलणं थांबवलं. रिंग रिंगेवर आपटायचा आवाज, ठण्ण, मग शांतता, मग अडकल्याचा बारीक खळ्ळ आवाज. अर्ध्या अंधारात मुलं तो आवाज ऐकत होती. एका छोट्या मुलीला पुढे बोलावून त्यांनी दोन रिंगा तिच्या हातात दिल्या, ओढ म्हणाले. ओढल्या, सुटेनात. मास्तरांनी फुंकर मारली आणि त्या तिच्याच हातात सुटल्या, आणि ती घाबरून हसायला लागली. हॉलमध्ये जो आवाज झाला तो मला लिहिता येत नाही.

शेवटच्या खेळापर्यंत लाइट आलीच नाही. कोल्हापूरकराने पत्ते केलेच नाहीत, इतक्या कमी उजेडात मागच्यांना दिसणार नाहीत म्हणाला, त्याऐवजी उरलेला वेळ त्याने टॉर्च धरला. शोमध्ये स्वतःचा नंबर सोडून देणं किती जड जातं ते करणाऱ्यालाच माहीत.

टिप: पावसाळी शोला प्रत्येकाकडे एक चार्ज केलेला हेडलॅम्प किंवा बॅटरीवरचा दिवा असू द्या, आणि प्रोग्राममध्ये एक तरी खेळ असा ठेवा जो आवाजावर किंवा बोलण्यावर चालेल.

सोमवार

सकाळी निघायच्या आधी काकींनी मुगागाठी आणि पोई दिली, आणि खाताना कालच्या शोची उजळणी. मास्तरांनी प्रत्येकाला एकेक गोष्ट दिली. मला म्हणाले दोरी जोडल्यावर तू दोरीकडे बघतोस, प्रेक्षकाकडे बघ, त्यांना बघायचंय तुला आनंद झाला का. यजमानाला म्हणाले आजी रडल्यावर तू लगेच पुढे गेलास, थांबायचं होतं, तिला तिचा वेळ द्यायचा. ताईंना काही नाही, फक्त वाट्यांचा सराव रोज. मग आम्ही त्यांना विचारलं तुमचं काय, आणि ताईंनी सरळ सांगितलं की मास्तर, शेवटची रिंग तुमच्या हातातून जरा उशिरा येते, मनगट दुखतंय का. दुखत होतं, त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. काकींनी ताबडतोब तेल गरम करायला ठेवलं.

आता ठरलंय असं: दर गुरुवारी प्रत्येकाने एका टेकमध्ये केलेला एक खेळ ग्रुपवर टाकायचा, एडिट नाही, दुसरा टेक नाही. बाकीच्यांनी फक्त मिनिट आणि सेकंद लिहायचे आणि तिथे काय वाटलं ते. मास्तरांना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवता येत नव्हता, ते काकी शिकल्यात. पहिला व्हिडिओ कोल्हापूरकराचा आला, फेरीवरचाच खेळ, गड्डी खाली न ठेवता. ताईंनी उत्तर दिलं, १ मिनिट १२ सेकंद, इथे डोळे मिचकावतोस. तो पुन्हा सरावाला लागलाय.